गुण-वृद्धी असताना 'अब्लाउट' कशाला?

ऋजुरेषा: 'पाणिनीची गुण-वृद्धीच युरोपियनांनी अब्लाउट म्हणून आपल्याच गळ्यात मारली', ही पोस्ट पुन्हा फिरतेय, म्हणून लिहितोय. गुण-वृद्धी म्हणजे पाणिनीच्या व्याकरणातली इ-ए-ऐ, उ-ओ-औ अशी स्वरांची चढण; अब्लाउट म्हणजे संस्कृत-ग्रीकच्या कुळातल्या भाषांत एकाच धातूच्या रूपांत होणारा स्वरबदल. पाणिनी दुबळं, म्हणजे स्वर न चढवलेलं रूप मूळ धरतो. श्रु-ला गुण केला की श्रोतुम्. पण वच्‌चं उक्त, स्वप्‌चं सुप्त? इथे गाडी उलटी, म्हणून संप्रसारण (व-चा उ, य-चा इ होणं) वेगळं सांगावं लागतं. त्याऐवजी संस्कृत-ग्रीकच्या सामायिक पूर्वज-भाषेतलं ऱ्हस्व ए असलेलं रूप मूळ धरा आणि आघात सरकला की तो ए गळतो म्हणा, दोन्हीकडे भागतं. संस्कृतात जुने ऱ्हस्व ए-ओ 'अ'मध्येच मिसळले. ग्रीकमध्ये लेइपो, लेलोइपा, एलिपोन अशा तिन्ही पायऱ्या (ए, ओ आणि स्वर गळलेली) अजून दिसतात.

जुनाखोंड: पाणिनी इतिहास लिहायला बसला नव्हता हो! त्याला लाघव, म्हणजे कमीत कमी शब्दांत नियम, हवं होतं. तुम्ही एका नियमासाठी अख्खी भाषा कल्पनेतून उभी केलीत.

तिरपागडी: त्यात त्या कल्पित भाषेतले ते तारांकित (* लावलेले, कुठे लिहिलेले न सापडलेले) 'ह'! अडलं की खोच एक.

ऋजुरेषा: स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने १८७९ मध्ये नुसत्या स्वरांच्या साच्यावरून हरवलेले ध्वनी मांडले. १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविचने दाखवलं, हित्ती या त्याच कुळातल्या प्राचीन भाषेत त्यांतल्या काही जागी खरोखर 'ह' सापडतो.

तिरपागडी: 'काही' जागी. वा!

मायमराठी: तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे असा उ-चा ओ रोज बोलता, त्याबद्दल एक ओळ नाही. मराठीला वाली नाही हेच खरं.

अनिट्: आमच्या बाईंनी सेट्-अनिट् (प्रत्ययाआधी इ घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या) धातूंची यादी घोकून घेतली. 'का' विचारलं तर म्हणाल्या, 'यादी आहे म्हणून.' श्रोतुम् पण भवितुम्, श्रुत पण भूत. भवितुम्‌मधला इ आणि भूतमधला दीर्घ ऊ ही त्याच गळालेल्या 'ह'ची खूण, हे फार उशिरा कळलं आणि बाईंचा रागच आला.

जुनाखोंड: भूतमध्ये इट् (तो मधला इ) नाही, त्याला पाणिनीचं 'श्र्युकः किति' हे सूत्र आहे, ७.२.११. सूत्रं न वाचता बाईंवर राग!

अनिट्: वाचलंय. 'येत नाही' एवढंच आहे त्यात. का येत नाही?

जुनाखोंड: ते त्याचं कामच नव्हतं.

ऋजुरेषा: मग अब्लाउट म्हणजेच गुण-वृद्धी, हे कसं?

जुनाखोंड: बरं, 'म्हणजेच' मागे घेतो. सोस्यूरलाही मानलं. डॉक्टरेटसाठी त्यानेही संस्कृतच धरलं होतं, तेव्हा जमणारच.

मायमराठी: आणि मराठी?