खान्देशच्या कानबाई देवीचे फोटो आणि सोसायटीचा कॅमेरा

पवार काकू (ए-४०१): जागरणाचे फोटो बघितले का कोणी? कानबाईची नथ कुठे, गळ्यातलं कुठे, काही कळत नाही. नुसता पिवळा उजेड. वर्षातून एकदा माय घरी येते आणि आठवणीला हे असं. फार वाईट वाटलं.

सोनवणे भाऊ (बी-१०२): काकू, माझ्याच मोबाइलवर काढलेत. चांगला महागाचा आहे 🙏

पवार काकू: तुम्हाला नाही बोलले भाऊ.

वाणी नाना (ए-१०१): आधी गच्चीवरच्या टाकीचं बघा. भिंतीला ओल आली आहे.

चौधरी ताई (सी-२०२): काकू, दोष भाऊंचा नाही. मोबाइलचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, नखाएवढा. समईच्या उजेडात तो पाठोपाठ फोटो घेऊन एकत्र जुळवतो, तेवढ्यात बायका फुगडीत फिरल्या की चेहरे पुसलेच. मी मागेच म्हटलं होतं, एक छोटा मिररलेस कॅमेरा घेऊ, आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा. गणपतीची वर्गणी शिल्लक आहे.

पाटील आप्पा (सचिव): गेल्या गणपतीला फोटोग्राफर लावला, पैसे दिले, पेनड्राइव्ह अजून आला नाही. त्यामुळे विचार करायला हरकत नाही. पण कोणता?

कोल्हे दादा (बी-३०१): सोनी झेडव्ही-ई१०. ३४३ ग्रॅम फक्त. मुलांच्या रीलही होतील.

चौधरी ताई: दादा, त्याला व्ह्यूफाइंडरच नाही, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. विसर्जनाला भर उन्हात स्क्रीनवर काय दिसणार? निकॉन झेड३० ची तीच गत, फुजी एक्स-एम५ चीही तीच. कॅनन आर५० ला व्ह्यूफाइंडर आहे आणि बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम.

कोल्हे दादा: सोनीचा फोकस बघितलाय का कधी?

चौधरी ताई: बघितलाय, छानच आहे. दोघांचे मेगापिक्सेलही २४ च. तो मुद्दाच नाही.

जगताप बापू (सी-१०१): कसाले भांडतस रे भो? फोटोमा मनं तर डोकंच नही 😄

वाणी नाना: आधी गच्चीवरच्या टाकीचं बघा.

महाजन सर (ए-२०३): बॉडीवरून, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावरून वाद नको, लेन्सचं बोला. आर५० सोबत मिळणारी १८-४५ एमएमची झूम लेन्स पूर्ण झूम केली की एफ ६.३ वर जाते. एफचा आकडा मोठा तितका आत येणारा उजेड कमी. तिथे ५० एमएमची एफ १.८ लावली तर त्याच समईच्या उजेडात बारापट प्रकाश आत येतो. वजन १६० ग्रॅम. मात्र या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, फ्रेममध्ये कमी जागा मावते, म्हणजे काकूंच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकली तरी घोळका मावायचा नाही. देवीच्या मुखाला ५०, घोळक्याला झूम. आणि हात हलला तर सावरून घेणारी सोय ना या ५० मध्ये ना त्या बॉडीत. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नका.

सोनवणे भाऊ: म्हणजे शेवटी माझा मोबाइलच वाईट.

पवार काकू: अहो भाऊ, रात्रभर जागून तुम्हीच तर काढलेत. राग कशाला?

बऱ्हाटे काकू (बी-२०४): कॅमेरा राहणार कोणाकडे ते आधी ठरवा. सोसायटीची शिडी कोणाकडे होती, सगळ्यांना माहीत आहे.

कोल्हे दादा: शिडी परत दिली आहे.

बऱ्हाटे काकू: हो, एक पायरी कमी.

पाटील आप्पा: शिडीचा विषय मिटलेला आहे. कृपया 🙏

वाणी नाना: टाकीचा नाही मिटला.

पाटील आप्पा: नाना, टाकीवाला सोमवारी येतोय. काल पण सांगितलं.

वाणी नाना: सांगतात सगळेच. मेंटेनन्स मात्र पाच तारखेलाच पाहिजे.

महाजन सर: बऱ्हाटे वहिनींचा मुद्दा बरोबर आहे. पावसाळ्यात कपाटात नुसता पडून राहिला तर लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल हवंच. शिवाय कंपन्या साधारण ४० अंशांपर्यंतच वापरा म्हणतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. उन्हात गाडीत अजिबात ठेवायचा नाही.

चौधरी ताई: हलकाच घ्या एवढंच म्हणते. माझा डीएसएलआर, तो आरसावाला मोठा कॅमेरा, जड म्हणून घरीच राहतो. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला जाताना पर्समध्ये मावेल तोच रोज वापरात येतो.

पाटील आप्पा: कोणाकडे आर५० आहे का बघायला?

महाजन सर: भाच्याकडे आहे, ५० सकट. रविवारी संध्याकाळी ७ ला पार्किंगमध्ये आणतो. दिवे बंद करून काढून बघू.

बऱ्हाटे काकू: घेतलाच तर जीएसटीचं पक्कं बिल, सोसायटीच्या नावाने.

कोल्हे दादा: मीपण मित्राचा सोनी आणतो. ५० शी बरोबरी करायची तर त्यालाही एफ १.८ चीच लेन्स लावायची, झूम नाही.

महाजन सर: मान्य. आणा.