तंबाखू सोडली की तिसऱ्या दिवशी पुन्हा डबी हातात. काय चुकतंय?

मोगरा:
मोठ्या भावासाठी विचारतेय. लेथवर काम करतो, दिवसाला 12-15 वेळा तंबाखू-चुना मळतो. पहिला बार उठल्या उठल्या, नाहीतर पोट साफ होत नाही म्हणतो. दोनदा सोडली, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी डोकं दुखून, चिडचिड होऊन परत सुरू. निकोटीनचा गम दिला तर उचक्या आणि जळजळ.

रानजाई:
मोगराताई, ते गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत असणार. लाळेतून निकोटीन पोटात गेलं की उचक्या, जळजळ होतेच. हळूहळू 8-10 वेळा चावायचा, जिभेला झणझणलं की थांबायचं आणि बार धरतात तसा गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा चावून दुसऱ्या बाजूला. एक गम साधारण अर्धा तास.

तंबाखूत चुना घालतात तो याचसाठी: तो अल्कधर्मी, त्यामुळे निकोटीन गालातून पटकन रक्तात जातं. चहा, कॉफी, सरबत उलट काम करतात. म्हणून गमच्या आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. चहाबरोबर घेतलेला गम जवळजवळ वायाच जातो.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर 2 मिग्रॅ बहुधा कमी पडतो. 4 मिग्रॅबद्दल डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास असेल तर गम सुरू करण्याआधीच. पहिले 6 आठवडे दर 1-2 तासांनी एक, मग अंतर वाढवत 12 आठवड्यांत बंद. लोक दहाव्या दिवशीच बंद करतात आणि तिथेच गाडी अडते.

जुना फिटर:
डब्या किती आहेत ते आधी मोजा. एक खिशात, एक टूलबॉक्समध्ये, एक गाडीच्या डिकीत, एक उशाखाली. एक जरी राहिली तरी हात तिथे जाणारच. सुरुवात साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी करा, म्हणजे अवघड दिवसांतला एक तरी घरी जाईल. चहाच्या सुट्टीत मळलेली चिमूट पुढे करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं. तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ हाताला काम हवं: शेंगा सोला, भाजलेला ओवा तळहातावर घ्या. सुपारी मात्र नको, तिनेही कॅन्सर होतो आणि तोंड उघडेनासं होतं. मशेरीही तंबाखूच.

पोटासाठी रात्री 2 चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यात, सकाळी कोमट पाणी. काही दिवसांत पोटाला नवी सवय लागते.

मोगरा:
आणि मध्येच एखादा बार खाल्ला तर?

रानजाई:
थुंकून चूळ भरायची, उरलेली पुडी लगेच संडासात ओतायची, गम चालू ठेवायचा. नवा मुहूर्त शोधायचा नाही. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता खाल्ला ते लिहून ठेवा, पुढचा घसरण्याचा प्रसंग बहुतेक तोच असतो. 1800-11-2356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. बार ठेवायच्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना दाखवा.