मुरुमांवर लिंबू-सोडा नको

मुलीच्या मुरुमांवर लिंबाचा रस आणि खायचा सोडा लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो कृपया अमलात आणू नये. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५ च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा २ ते ३, त्यामुळे त्वचा भाजते. माझ्या भाचीच्या गालांवर असे पडलेले तपकिरी डाग फिकट व्हायला सहा महिने लागले, मुरूम मात्र होते तिथेच राहिले. मुलतानी मातीने तेलकटपणा तेवढ्यापुरता कमी होतो, इतकेच.

त्वचारोगतज्ज्ञांनी तिला ०.१ टक्के अ‍ॅडापलीन जेल हे मुरुमांवर लावायचे औषध दिले. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढे जेल केवळ फोडावर नव्हे, तर सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचे असते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात, आणि नेमके तेव्हाच बरेच जण औषध सोडतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. गरोदरपणात मात्र हे जेल वापरू नये.

मेडिकलमधून गोरेपणासाठी मिळणारी स्टेरॉइडयुक्त क्रीम चुकूनही लावू नका, कारण त्यांनीच नवे मुरूम उठतात.