उझबेकिस्तानची छोटी सहल : तुम्ही कशी आखलीत? (अनुभव धागा)

मंडळी, हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी ताश्कंद-समरकंद करून आलेलं असतं. दिल्लीहून विमानाला जेमतेम तीन तास, घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे आणि ई-व्हिसा घरबसल्या २० डॉलरांत. त्यामुळे जोडून सुट्टी आली की दुबई-थायलंडच्या जोडीला आता हे नावही निघतं. पण बहुतेक सहलींच्या पत्रकांत ताश्कंदला मुक्काम, ताश्कंदजवळच्या चिमगानच्या डोंगरात केबल कार आणि समरकंद एका दिवसात जाऊन-येऊन, असाच बेत दिसतो. माझ्या मते समरकंदला एक तरी रात्र काढायची नसेल, तर एवढा खर्च करूच नये. तिथला रेगिस्तान, म्हणजे तीन मदरशांनी वेढलेला चौक, संध्याकाळी उन्हं कलताना आणि मग दिवे लागल्यावर बघायचा असतो. परतीची गाडी गाठायच्या गडबडीत तो दिसत नाही.

सुरुवात मीच करतो. आमचं सगळं नियोजन गाडीभोवती बांधलं होतं. ताश्कंद ते समरकंद ही अफ्रासियाब नावाची वेगवान गाडी सव्वादोन तासांत पोचवते, आणि तीच पुढे बुखाऱ्याला जाते. तिची विक्री प्रवासाच्या काही आठवडे आधी उघडते आणि हंगामात भराभर संपते. म्हणून विमान आधी ठरवलं, पण समरकंदचं हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घेतलं आणि गाडी पक्की झाल्यावर कायम केलं. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा, कारण स्टेशनच्या दारातच दोन्ही बघतात. अफ्रासियाब मिळाली नाही तर शर्क नावाची साधी गाडी आहे. वेळ जास्त लागतो, पण खिडकीतून कपाशीची शेतं बघत छान जाता येतं.

पैशांचं म्हणाल तर डॉलर न्या, तेही कोरे करकरीत. दुमडलेल्या, शाई लागलेल्या नोटा परत करतात. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम (तिथलं चलन) मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी पाकीट मिटत नाही. टॅक्सी रस्त्यावर हात करून थांबवू नका, यांडेक्सच्या ॲपवर मागवा. भाडं आधी दिसतं आणि घासाघीस वाचते.

आता तुम्ही लिहा. जेवणाचं काय केलंत, ज्येष्ठांना झेपलं का, कुठला महिना बरा?

सांगलीहून, शुद्ध शाकाहारी कुटुंब

उपाशी राहाल असं सगळ्यांनी घाबरवलं होतं. तसं काही नाही, पण विचारून खावं लागतं. तिथल्या पुलावात भाताबरोबर गाजर, हरभरे, मनुका असतात, मात्र तो मांसासकटच शिजवतात. 'मांस बाजूला काढून देतो' असं अगदी प्रेमानं सांगतील, तेव्हा हसून नको म्हणायचं. लाल भोपळ्याचा सामसा (भट्टीत भाजलेला समोसा) मात्र नक्की मागा, पण त्यातही मेंढीची चरबी घालायची पद्धत आहे, म्हणून भाजायला ठेवण्याआधीच चौकशी करा. आमचा खरा आधार म्हणजे नान. समरकंदचं नान जाड, चकचकीत, वर तीळ आणि मधोमध ठशाची नक्षी. गरम असताना तोडलं की आतून वाफ येते. सोबत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर (अगदी आपल्यासारखी, फक्त दाण्याचं कूट नाही) आणि चक्क्यासारखं घट्ट दही. मी मेतकूट नेलं होतं, ते त्या दह्यात कालवलं आणि मुलांनी नान फस्त केलं. समरकंदच्या सियाब बाजारात सुकामेवा चाखून घेता येतो, कुणी वाईट वाटून घेत नाही. नान उलटं ठेवू नका, तिथे तो अन्नाचा अपमान समजतात.

नागपूरहून, आई-वडिलांना घेऊन

जुलैत जाऊ नका. जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीचे चाळीस दिवस तिथे कडक उन्हाळ्याचे मानले जातात, पारा चाळिशीला टेकतो. आम्ही उन्हाला सरावलेली माणसं, पण रेगिस्तानच्या उघड्या फरशीवर दुपारी बाबांना उभं राहवेना. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा, शरदात खरबुजंही भरपूर असतात. गुडघे दुखणाऱ्यांना समरकंद सोपं आहे. रेगिस्तान ते बीबी खानम मशीद आणि बाजार या पादचारी रस्त्यावर विजेवरच्या छोट्या गाड्या फिरतात. शाह-इ-झिंदा या मकबऱ्यांच्या समूहाला मात्र सुरुवातीलाच चढण आहे. पायऱ्या चढताना आणि उतरताना मोजल्या आणि आकडा सारखा आला तर पुण्य लागतं, असं तिथले लोक मानतात. आईनं कठडा धरून मोजत मोजत चढ पूर्ण केला. वरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना निळ्या फरशांचे मकबरे इतके जवळजवळ आहेत की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील असं वाटतं. आई तिथे बराच वेळ काही बोलली नाही.

औषधांची काळजी घ्या. काही वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. ड्रोन तर घरीच राहू द्या, नेऊच देत नाहीत.

पुण्याहून, गणिताची शिक्षिका

समरकंदची उलुगबेगची वेधशाळा कृपया गाळू नका. आमच्या सहल कंपनीनं ती 'वेळ नाही' म्हणून वगळली होती, मी हट्टानं वेगळी टॅक्सी करून गेले. उलुगबेग हा तैमूरचा नातू, राजा असून हाडाचा खगोलज्ञ. रेगिस्तानातला सगळ्यात जुना मदरसा त्याचाच, १४२० मध्ये पुरा झालेला. वेधशाळेच्या इमारतीचं वर काही उरलेलं नाही. उरलाय तो वेध घ्यायच्या प्रचंड कंसाचा जमिनीत खोदलेला खालचा तुकडा. संगमरवरी कडा अंधारात खाली उतरत जातात. दुर्बीण निघायच्या दीडेकशे वर्षं आधी, नुसत्या डोळ्यांनी वेध घेऊन, या माणसानं हजारावर ताऱ्यांची सारणी केली आणि वर्षाची लांबी मिनिटभराच्या फरकानं काढली. आपल्याकडे सवाई जयसिंगानं जंतरमंतर उभारताना याच सारण्यांचा अभ्यास केला होता. १४४९ मध्ये उलुगबेगची हत्या झाली, आणि तीही पोटच्या मुलाच्या इशाऱ्यावर. वेधशाळा नंतर जमिनीखाली गेली, ती थेट १९०८ मध्ये सापडली. दहावीच्या पोरांना मी आता कंस शिकवते तेव्हा तिथला फोटो फळ्याशेजारी लावते.

कराडहून, निवृत्त

ताश्कंदला लोक विमान बदलायचं गाव समजतात, याचं वाईट वाटतं. आमच्या पिढीला ताश्कंद म्हटलं की शास्त्रीजी आठवतात. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, ते गेले. संरक्षणमंत्री म्हणून आमचे यशवंतराव त्या वेळी तिथेच होते. शहरात शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांचा अर्धपुतळा आहे. मी फुलं घेऊन गेलो. एक म्हातारे गृहस्थ बाकावरून उठून आले, 'हिंदुस्तान?' म्हणाले, छातीवर हात ठेवून वाकले आणि राज कपूरचं नाव घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या भूकंपात जुनं ताश्कंद बरंचसं पडलं, म्हणून शहर एवढं रुंद आणि नवं दिसतं. मेट्रोत जरूर बसा, १९७७ ची आहे. प्रत्येक स्थानक वेगळं सजवलेलं, कुठे झुंबरं तर कुठे अंतराळवीर. फोटोवरची बंदी २०१८ मध्ये उठली.

छत्रपती संभाजीनगरहून, मुलगी तिकडे शिकते

समरकंद आणि बुखाऱ्यात एमबीबीएस करणारी आपली बरीच मुलं आहेत. आम्ही लेकीला भेटायच्या निमित्तानं गेलो. तिच्यामुळे कळलं की हॉटेलात परदेशी पाहुण्यांची नोंद करतात, ती झाली ना हे विचारून घ्यावं. ओळखीच्या घरी राहणार असाल तर नोंदणीचं आधीच बघा. रात्री उशिरा मुली-मुली चालत घरी येतात, हे पाहून आईचा जीव भांड्यात पडला एवढंच सांगते.

डोंबिवलीहून, एकटीच

सगळे समरकंद-समरकंद करताहेत, मी बुखाऱ्याच्या बाजूनं लिहिते. समरकंदच्या इमारती भव्य, पण त्यांच्यामधून हमरस्ते जातात. बुखाऱ्याचं जुनं गाव अजून गाव आहे. लाब-इ-हौजच्या तळ्याकाठी जुनी तुतीची झाडं, शेजारी गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा, संध्याकाळी चहा पीत बसलेली कुटुंबं. कल्याण मिनार ११२७ चा, विटेचा, पट्ट्यापट्ट्यानं नक्षी बदलत वर गेलेला. निळ्या रंगानं डोळे भरले की सामानी मकबऱ्यापाशी जा. दहाव्या शतकातला छोटासा चौकोन, फरशी नाही, रंग नाही, नुसत्या विटा आडव्या-उभ्या-तिरक्या रचून टोपलीसारखं विणकाम केलंय, आणि ऊन सरकेल तशी भिंत बदलते.

चारच दिवस असतील तर ताश्कंदला फक्त उतरायची आणि निघायची रात्र ठेवा, मधल्या रात्री समरकंद आणि बुखाऱ्याला वाटा. चिमगान सोडून द्या, डोंगर आपल्याकडे आहेत. आणि बुखाऱ्याहून परतीची गाडी विमानाच्या आदल्या दिवशीचीच घ्या.