मदत हवी आहे : एकाच माणसाची दोन आयुष्यं, पण बघणाऱ्यांना वाटतात दोन भाऊ

मंडळी, आम्ही अमळनेरचे चौघं मिळून वीस मिनिटांची सायन्स फिक्शन शॉर्टफिल्म करतोय. मोबाइलवर, बजेट चहापुरतं.

गोष्ट अशी. हिरोला सुरतची गाडी धरायचीय. एकदा तो रेल्वे फाटक पडायच्या आत सटकतो, गाडी मिळते, सुरतेला लूमवर लागतो. दुसऱ्यांदा फाटक तोंडावर पडतं, गाडी जाते, आणि तो गावातच राहतो, बापाबरोबर कापसाच्या शेतात. मुलगी दोन्हीकडे तीच. (सुरतच का, हे खान्देशातल्यांना सांगायला नको. आमच्या गल्लीत सुरतेच्या उधना-लिंबायतला कुणीच नाही असं घर शोधून दाखवा.) स्टेशनात शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, म्हणून गाडी फक्त ऐकू येते.

कच्चं एडिट आत्याला दाखवलं. निम्म्यात तिने विचारलं, "हाऊ त्याना भाऊ शे का?" झालं! 'स्लायडिंग डोअर्स'मध्ये (1998) नायिकेचे केसच बदलले होते, 'मिस्टर नोबडी'मध्ये (2009) प्रत्येक संसाराला वेगळा रंग होता. आमच्या हिरोच्या घरी सध्या स्थळं येतायत, केसांना हात लावू देत नाहीत. पडद्यावर पाटी टाकणं मला पटत नाही. मग ठरवलं, गावातला अहिराणी बोलेल आणि सुरतेचा गुजराती मिसळलेली हिंदी. पण पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तेवढ्यावरून उमगेल का?

दुसरी अडचण मोठी आहे. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने 1957 साली मांडलेली अनेक विश्वांची कल्पना वाचली. त्यात एकदा विश्वाच्या फांद्या वेगळ्या झाल्या की एकीची दुसरीला खबर लागत नाही. मग एका आयुष्यातलं प्रेम पलीकडच्या आयुष्यात पोचणार कसं? नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये पलीकडच्या विश्वातून बखरीचं एक पान खिशात आणलं, आणि तेवढ्यावर वाचक गप्प झाला. तसं काहीतरी हवंय.

माझ्या डोक्यात आहे ते असं : कापूस वेचताना ती त्याच्या शर्टावरची रुई काढते. बोटाला पांढऱ्या रुईसोबत एक चकचकीत जांभळा धागा येतो. पॉलिएस्टरचा, सुरतेच्या लूमवरचा. हा गडी तर तालुक्याबाहेर गेलेला नाही. ती काहीच विचारत नाही, धागा ओढणीच्या टोकाला बांधते. दोस्त म्हणतो, धागा काय, बाजारातूनही चिकटेल, त्यापेक्षा तिकडच्या तिला फोनवर अहिराणी ऐकू येऊ दे, "कव्हय उना रे?" (कधी आलास रे?) मला ते भुताच्या सिनेमासारखं वाटतं.

तर धागा पुरेल का? आणि तो आधी सुरतेच्या सीनमध्ये दाखवावा की नंतर? एडिटिंग केलेल्यांनी जरूर सांगा, फिजिक्सवाल्यांनी रागावलं तरी चालेल. जरा लवकर सांगा, वेचणी उरकत आलीय, मग शेतात पांढरं काही उरणार नाही.