'आतून काहीतरी शिजतंय' यावर कोकणातल्या मतदाराचा विश्वास का बसतो?

कातळसडा
नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर राजापूर ते देवगड कुठल्याही टपरीवर बसलं की दोन मिनिटांत विषय ईव्हीएमवर येतो. 'निकाल आधीच ठरला होता' म्हणणारा माणूस काही खुळा नसतो. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब पैशापर्यंत चोख ठेवणारा बागायतदार असतो. मग त्याला हे पटतं कसं?

माझं मत : कारण आपल्या किनाऱ्यावर संशय घेणारा बऱ्याचदा बरोबर निघालाय. एन्रॉन आठवा, दाभोळला वीजप्रकल्प उभारणारी अमेरिकी कंपनी. दाभोळचा वीजखरेदी करार लोकांच्या नजरेआड, आणि गुहागरात 'पैसे चारलेत' अशी कुजबुज. पुढे १९९५ मध्ये कंपनीच्याच अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं, की इथल्या लोकांच्या 'शिक्षणावर' आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. यातून लाच सिद्ध होत नाही, कबूल. पण कुजबुजणाऱ्याला आणखी काय हवं? त्याच वर्षी 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' म्हणत आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून परत आणला.

रिफायनरीचंही तेच. मार्च २०१९ मध्ये राजापूर तालुक्यातल्या नाणारचा प्रकल्प रद्द झाला, सगळ्यांनी पेढे वाटले. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याच रिफायनरीसाठी जवळच्या बारसूची जागा सुचवणारं पत्र पंतप्रधानांना पाठवलं. तिथल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या लोकांना ते कळलं मागाहून, बातम्यांमधून. ज्याला घरचा निर्णय नेहमी पेपरातून कळतो, तो पुढच्या वेळी पेपरावर तरी का विश्वास ठेवेल?

केंद्राध्यक्ष_निवृत्त
एन्रॉनचं सगळं मान्य. पण तिथून मशीनवर उडी कशी मारलीत?
मतदान सातला, म्हणजे साडेपाचला मॉक पोल, चाचणी मतदान. उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मतं टाकायची, कंट्रोल युनिटचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या जुळवायच्या, मग मशीन क्लिअर करायचं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद. सीलवर एजंटांच्या सह्या. संध्याकाळी मतदान संपलं की १७ सी नमुन्याची प्रत एजंटाच्या हातात द्यायची. त्यात त्या केंद्रावर पडलेली एकूण मतं असतात. मोजणीच्या दिवशी आकडा जुळला नाही तर बोंब मारायला तेवढा एक कागद पुरे.
प्रत्यक्षात? साडेपाचला एजंट झोपलेला. संध्याकाळी प्रत घ्या म्हणून आपणच हाका मारायच्या. जेवणाच्या पाकिटांची चौकशी मात्र अकरापासून सुरू!

बांगड्याचा_तिखला
मास्तरानू, ता सगळा ठीक. पण राज्यातला मतदान संध्याकाळी पाच वाजता ५८ टक्के आणि शेवटाक ६६? येवढी माणसा खय होती? आमच्या बूथवर पाच वाजता काळा कुत्रा नव्हता.

केंद्राध्यक्ष_निवृत्त
तुमच्या बूथवर नसेल, दुसरीकडे होती. पाचचा आकडा तेव्हा फोनाफोनीवर जमवलेला अंदाज असायचा. आमच्यासारख्याच्या समोर रांग लागलेली असताना झोनल अधिकाऱ्याचा फोन यायचा, 'किती झालं?' घाईत सांगायचो आपण. शिवाय मतदान सहापर्यंत, आणि सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन सगळ्यांचं होईस्तोवर चालू. आयोगाने हे आधीच नीट समजावून सांगायला हवं होतं, एवढं मी म्हणेन.

गिरगावचा_चाकरमानी
कातळसडा, तुमचा मुद्दा ऐकायला गोड आहे, पण इतिहासाचा संबंध कमी आणि हरण्याचा जास्त. जून २०२४ मध्ये लोकसभेला त्याच मशीनवर नोव्हेंबरात हरलेल्या महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. तेव्हा असा धागा काढलात? तुमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर तेव्हाही भाजपचे नारायण राणे जिंकले, आघाडीचे विनायक राऊत हरले. तरी राज्याचा निकाल मनासारखा, म्हणून मशीन पवित्र.
आणि हे एकाच पक्षाचं नाही. २००९ ला हरल्यावर ईव्हीएमवर शंका घेणारे लालकृष्ण अडवाणी होते. अमेरिकेत उसिन्स्की आणि पॅरेंट या दोघा अभ्यासकांनी वर्तमानपत्राला आलेली अनेक दशकांची वाचकपत्रं तपासली. व्हाइट हाउसमध्ये ज्याचा पक्ष, त्याच्यावर कटाचे आरोप जास्त. हरणारा संशय घेतो, जिंकला की विसरतो. त्यांना कुठे एन्रॉनने छळलं होतं?

कातळसडा
छळलं नसेल, पण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार करणारं वॉटरगेट प्रकरण तर झालं होतं ना?
हरणारा आधी बोलतो हे खरं. पण त्याचं ऐकून कोण घेतं, हा माझा प्रश्न. २० डिसेंबर २०२४ ला सरकारने निवडणूक नियमांतला ९३ वा नियम बदलला आणि सीसीटीव्ही चित्रणासारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं लोकांना बघायला मिळणं बंद झालं. त्याआधी थोडेच दिवस एका उच्च न्यायालयाने तशीच कागदपत्रं द्यायला सांगितलं होतं. मतदाराच्या गोपनीयतेसाठी, म्हणे. असेलही. पण शंका ऐन जोरात असताना दार लावून घेतलं, तर बाहेरचा काय समजेल?

सुपारीची_बाग
तुम्ही सगळे पुरुष आयोग आणि अमेरिका करताय. वाडीत काय होतं ते कुणी बोलत नाही.
आमच्या वाडीचा उमेदवार हरला. मतं कुणी फोडली? भावकीनेच. चुलत दिराने उघड नाही पण आतून दुसरीकडे काम केलं, हे सगळ्यांना ठाऊक. आता हे तोंडावर बोललं तर गणपतीत आरतीला एकत्र उभं कसं राहायचं? पालखी कुठल्या दारातून आधी जाणार यावर आधीच कोर्टात तारखा पडतात आमच्याकडे. त्यापेक्षा 'मशीनने खाल्लं' म्हटलं की दीर पण मान हलवतो आणि आपण पण. चहा होतो. घर टिकतं.
आणि तो मेसेज पाठवतो कोण, तर मुंबईचा भाचा. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. आमच्या वाडीचे ग्रुपच पाच आहेत : देवस्थान, महिला मंडळ, मुंबई मंडळ, क्रिकेट, भावकी. झाली की अख्खी वाडी! त्यात 'हे खोटं आहे' असं लिहायचं म्हणजे भाच्याला चारचौघांत खोटारडा म्हणायचं. कोण लिहील?

गिरगावचा_चाकरमानी
भाचा म्हणजे आम्हीच ना? बरं.
पण वहिनी, हे म्हणजे घर टिकवायला लोकशाहीवर बिल फाडणं झालं.

सुपारीची_बाग
भाऊजी, निकालानंतर तुम्ही रात्रीची कोकणकन्या पकडता. आम्हाला त्याच विहिरीवर जायचं असतं.

कातळसडा
मग बूथनिहाय मतं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला लावू. मशीनने खाल्लं की दिराने, दिसेल.

सुपारीची_बाग
नको हो! तेच तर दिसायला नको आहे.

केंद्राध्यक्ष_निवृत्त
फलक कशाला? नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राची उमेदवारवार मतं असतात, वेबसाइटवर टाकतात. मोबाइलवर उघडतं.

बांगड्याचा_तिखला
मास्तरानू, लिंक हयसर टाकू नकात. ग्रुपवर माझो चुलतो असा.