‘रोज एक लहान पाऊल’ हा उपदेश नेमका कोणासाठी?

बाळीवेसकर: काल येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले की, गिरण्या बंद पडल्यावर सोलापूरचा कामगार रडत बसला म्हणून मागे राहिला, आणि ज्यांनी ‘रोज एक लहान पाऊल’ टाकले ते वर आले. माझे वडील एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. टाळे लागल्यावर ते पहाटे भाजी विकत आणि रात्री यंत्रमागावर चादरी विणत. आई विड्या वळून कारखान्यात नेई, तेथे ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे. पावले रोजच पडत होती. थकलेली देणी वेळेवर हाती आली असती, तर वडिलांना यातले एक तरी काम सोडता आले असते. तेव्हा रडत कोण बसले होते, हे त्या सद्गृहस्थांनी एकदा सांगावे.

होटगी रोड: आपल्या आईवडिलांनी तेच केले, जे त्या लेखात सांगितले आहे, मग राग कशाचा? माझ्या आईने १९७२ च्या दुष्काळात मंगळवेढ्याकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पाऊस कधी येईल, याचा विचार ती करत नसे. आजचा ढीग आज पुरा करायचा, कामावर मिळेल ती सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मुलांना द्यायची आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी नाक न मुरडता खायची, एवढेच तिला ठाऊक होते. परिस्थितीचे विश्लेषण करत बसली असती, तर आम्ही जगलो नसतो.

मंद्रूपचा शेतकरी: ताई, आपल्या मातोश्रींविषयी आदर आहे, परंतु तो ढीग मोजून घेऊन पैसे देणारे कोणी होते, म्हणून तो फोडण्याला अर्थ होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, ती केवळ जिद्दीवर जगली नाहीत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात ज्या रोजगार हमी योजनेचा प्रयोग केला, तिचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. मागितले की काम मिळेल याची खात्री असेल, तर माणूस लहान पाऊलही टाकतो. खात्रीच नसेल, तर त्याला उपदेश करणे हा निर्लज्जपणा आहे.

पगारदार: रोजगार हमीचा विषय निघालाच आहे, तर तिच्यासाठी १९७५ मध्ये बसवलेला व्यवसाय कर आजही माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो, हेही लिहावे. त्या पैशातून झालेली कामे आम्ही पाहिली आहेत: खडीचे ढीग वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला पडून राहिले आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, गावाला न राहणाऱ्यांची नावे चढली.

मंद्रूपचा शेतकरी: ढीग दिसले, पाझर तलाव दिसले नाहीत! आमच्या शिवारातील तलाव त्याच कामातला आहे, आणि पाऊस बरा झाला की त्याच्याखालच्या विहिरींना आजही मार्चपर्यंत पाणी टिकते. वातानुकूलित खोलीत बसून मस्टरची चौकशी करणे सोपे असते, मालक.

पगारदार: माझ्या खोलीत पंखा आहे, आणि तोही आवाज करतो. खोट्या हजेरीवर मात्र आपण एक अक्षर लिहिले नाही.

मंद्रूपचा शेतकरी: खोटी हजेरी होती. आमच्या मुकादमाने स्वतःच्या मेव्हण्याचे नाव लावले होते, आणि तो मेव्हणा पुण्यात होता. झाले समाधान? म्हणून बाकीच्यांनी फोडलेली खडी खोटी ठरत नाही.

होटगी रोड: माझा मुद्दा बाजूलाच राहिला. काम सरकारने दिले, हे मान्य; पण त्याच कामावर येऊन दोन दिवसांत परत गेलेली धडधाकट माणसे आईने पाहिली होती. हातोडा उचलायचा की नाही, हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते.

बाळीवेसकर: ताई, एवढे मी मानतो, आणि ते मानताना मला फारसा आनंद होत नाही. वडिलांबरोबर सुटलेल्या काही जणांनी खरोखरच अंथरूण धरले. फरक असा की, वडील त्यांना नावे ठेवत नसत. संध्याकाळी उरलेली भाजी ते त्यांच्याच दारात ठेवून येत. कालचा लेख लिहिणाऱ्यांना हिंमत द्यायची होती की नापास करायचे होते, ते त्यांनी अजून येथे येऊन सांगितलेले नाही. आणि पगारदार, व्यवसाय करावर आपण स्वतंत्र लिहावे, येथे नको.

पगारदार: लिहीन. कर कापताना मलाही कोणी जागा विचारून कापला नव्हता.